न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

एखाद्या शब्दाचा अर्थ अडला, औषधाचे नाव आठवेना, गाडी किती वाजता सुटते ते कळेना, की हल्ली आपण कुणाला विचारायला जात नाही. मोबाईलवर दोन शब्द टाइप करतो किंवा नुसते बोलतो, आणि उत्तर समोर हजर होते. ‘गुगल करून बघ’ हे तर आता मराठी क्रियापदच होऊन बसले आहे. या सोयीबद्दल तक्रार करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण हे उत्तर येते कुठून, ते कष्टाने मिळवून लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडते, आणि आपल्याला मिळालेले उत्तर शेजारच्या घरातही तसेच मिळते का, हे आपण सहसा विचारत नाही. हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. त्यात नीतीचा भाग बराच आहे, असे आम्हाला वाटते.

थोडे मागे जाऊ या. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गुगल कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना साधी होती. एका संकेतस्थळाने दुसऱ्या संकेतस्थळाचा दुवा दिला, तर ते त्याला दिलेले मत समजायचे; ज्याला जास्त आणि वजनदार मते, ते पान यादीत वर. म्हणजे शोधयंत्र हे चौरस्त्यावरच्या पाटीसारखे होते. पाटी वाचायची आणि सांगितलेल्या वाटेने चालू लागायचे. त्याच वर्षीच्या आपल्या शोधनिबंधात या दोघांनी एक इशाराही देऊन ठेवला होता: जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांचे स्वतःचे साम्राज्य जाहिरातींवरच उभे राहिले. असो.

सुरुवातीला ही पाटी सर्वांना जवळपास सारखीच दिसत असे. २००५ साली गुगलवर खाते असलेल्यांसाठी, आणि ४ डिसेंबर २००९ पासून खाते नसलेल्यांसाठीही, ती माणूस पाहून बदलू लागली. तुम्ही पूर्वी काय शोधले होते, कोणत्या दुव्यावर बोट ठेवले होते, यावरून पुढच्या निकालांचा क्रम ठरू लागला. यात वाईट काय, असे कोणी विचारील. खरे म्हणजे फारसे काही नाही. वसईत बसून दाताचा दवाखाना शोधणाऱ्याला पुण्यातला डॉक्टर दाखवून काय उपयोग? एली पॅरिसर या अमेरिकन लेखकाने २०११ साली ‘द फिल्टर बबल’ नावाचे पुस्तक लिहिले आणि प्रत्येक जण आपापल्या बुडबुड्यात कोंडला जाईल अशी भीती व्यक्त केली. ती भीती पुष्कळांना पटली. परंतु बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा व्यक्तीनुसार बदललेले निकाल सरासरी ११.७ टक्केच भरले, तेही मुख्यतः शोधणाऱ्याने खाते उघडले आहे की नाही आणि तो कुठून शोधतो आहे, यावरून. तेव्हा बुडबुडा होता, पण त्याची भिंत पातळ होती.

आपल्या मराठीपुरते सांगायचे, तर शोधयंत्राचे आपल्यावर उपकारच आहेत. त्या काळी बरीच मराठी वृत्तपत्रे आपापल्या खास फॉन्टमध्ये महाजालावर येत. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते किडेमकोडे दिसत, आणि शोधयंत्राला तर त्यातले एक अक्षरही उमगत नसे. युनिकोड रुळले आणि मराठी मजकूर शोधता येऊ लागला. आखातात किंवा कॅनडात असलेल्या मुलाला गावाकडची बातमी सापडू लागली. छोट्या प्रकाशकाला दूरचा वाचक मिळाला तो याच पाटीमुळे. हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र आता ही पाटी पाटी राहिलेली नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गुगलने शोधाच्या निकालांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. वाट दाखवणारा आता स्वतःच उत्तर देऊ लागला. पहिल्या काही दिवसांत गमती झाल्या. पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात थोडा डिंक मिसळावा, रोज एक लहानसा दगड खावा, असे सल्ले या यंत्राने दिले. डिंकाचा सल्ला कुणीतरी केलेल्या जुन्या थट्टेतून आला होता आणि दगडाचा एका विनोदी वृत्तपत्रातून. यंत्राला थट्टा कळली नव्हती! अशा चुका सुधारता येतात, आणि सुधारल्याही जातील. आमची काळजी निराळी आहे. उत्तर अगदी बरोबर असले तरी ती उरतेच.

पाटी होती तोवर प्रकाशक आणि शोधयंत्र यांच्यात एक न लिहिलेला करार होता. शोधयंत्राने आमची पाने फुकट चाळावीत, यादी करावी, त्या बदल्यात वाचक आमच्या दारात आणून सोडावा. मग तो जाहिरात पाहील, आवडले तर वर्गणी भरील. आता वाचक दारापर्यंत येतच नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये ९०० लोकांचे शोध तपासले. असा सारांश समोर आला तेव्हा १०० पैकी ८ वेळाच लोकांनी खालच्या यादीतल्या एखाद्या दुव्यावर बोट ठेवले. सारांश नव्हता तेव्हा १५ वेळा. खुद्द सारांशात दिलेल्या मूळ लेखाच्या दुव्याकडे १०० मध्ये एकदाच कोणी वळले. यंत्र ज्यांच्या लेखनावर जगते, त्यांची नावे तिथे असतात, पण कृतज्ञतेपुरतीच. खळ्यात राबणाऱ्या बैलाच्या तोंडचा घासही आपल्या पूर्वजांनी हिशेबात धरला होता. इथे धान्य सगळे यंत्राच्या कणगीत आणि बैल उपाशी, अशी स्थिती आहे. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

नुकसान कसे होते, हे समजून घेण्यासाठी वर्तमानपत्राचे अर्थकारण जरा उलगडून पाहावे लागेल. वर्तमानपत्र ही एका दोरीने बांधलेली मोळी असते. त्यात सामन्याचा धावफलक असतो, सोन्याचा भाव असतो, शब्दकोडे, सिनेमाच्या वेळा, वधूवरांच्या जाहिराती, निधनवार्ता असतात. आणि या सर्वांच्या मधोमध, पुष्कळदा कुणी न वाचलेली, न्यायालयातली किंवा जिल्हा परिषदेतली बातमी असते. जो केवळ शब्दकोड्यासाठी पेपर घेई, त्याच्या पैशातून न्यायालयात दिवसभर बसणाऱ्या वार्ताहराचा पगार निघत असे. आपण त्याचा पगार देतो आहोत, हे त्याला ठाऊकही नसे. शोधयंत्राने ही दोरी सोडली. धावफलक, सोन्याचा भाव, हवामान आता शोधाच्या पानावरच दिसते. मोळीतल्या खपणाऱ्या काटक्या एकेक करून उचलल्या गेल्या. उरली ती न खपणारी बातमी आणि तिचा पगार.

प्रकाशक मंडळी धुतल्या तांदळासारखी आहेत, असे मात्र कुणी समजू नये. शोधयंत्राच्या नजरेत भरावे म्हणून ‘वाचून थक्क व्हाल’ छापाचे मथळे त्यांनीच रचले. एकाच ओळीची बातमी दहा परिच्छेदांत ताणली. त्याहून वाईट म्हणजे, २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पैसे घेऊन जाहिराती बातम्या म्हणून छापल्याचा प्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीस आणला आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. तेव्हा उद्या एखादे दैनिक बंद पडले म्हणून डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नाही. पण त्याच्याबरोबर एक काम बंद पडेल, आणि ते काम दुसरे कोणी करीत नाही. ते कोणते, हे आपल्याला, कॅथॉलिकांना, अगदी जवळून माहीत असायला हवे.

६ जानेवारी २००२. रविवार होता, तीन राजांचा सण. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, जिथे कॅथॉलिकांची फार मोठी वस्ती आहे, त्या सकाळी ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाने पहिल्या पानावर एक वृत्तांत छापला. जॉन गेगन नावाच्या धर्मगुरूने सुमारे तीस वर्षांच्या काळात लहान मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी १३० हून अधिक लोकांनी केल्या होत्या, आणि धर्मप्रांताचे वरिष्ठ ते ठाऊक असूनही त्याला एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवीत राहिले होते. कितीतरी कुटुंबे तो पेपर वाचून मिस्सेला गेली असतील. त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची आपण कल्पनाच करावी. हा वृत्तांत कुणी मागितला नव्हता. मार्टिन बॅरन हे नवे संपादक जुलै २००१ अखेर रुजू झाले, आणि पहिल्याच दिवसाच्या बैठकीत, न्यायालयात सीलबंद असलेली या प्रकरणाची कागदपत्रे मिळवता येतील का, असे त्यांनी विचारले. त्यानंतर महिनोन् महिने बातमीदारांचा एक छोटा गट एकही ओळ न छापता याच कामात गुंतला होता. कागदपत्रे खुली व्हावीत म्हणून दैनिकाने न्यायालयात अर्ज केला, वकिलांचा खर्च केला. हा सारा पैसा आला कुठून? धावफलकातून, वधूवरांच्या नव्हे तरी घरविक्रीच्या आणि नोकरीच्या छोट्या जाहिरातींतून, आणि सकाळी चहाबरोबर पेपर चाळणाऱ्या साध्या माणसांकडून.

आता हा प्रसंग आजच्या यंत्रासमोर ठेवून पाहा. ते यंत्र प्रश्नाचे उत्तर देते. पण प्रश्नच कुणाच्या मनात नसेल, तर? बोस्टनमधल्या एखाद्या भाविक आजीने, ‘आमचे धर्मगुरू मुलांशी कसे वागतात’ असे शोधयंत्राला कधी विचारले असते का? तिने मिस्सेच्या वेळा विचारल्या असत्या, नातवाच्या पहिल्या कम्युनियनसाठी पोशाख विचारला असता, आणि तिच्या आवडीनिवडी जाणणाऱ्या यंत्राने तिला दिवसेंदिवस तेच आणखी गोड करून दिले असते. तिला फसवण्याचा हेतू त्यात नसता; उलट तिची काळजीच घेतली गेली असती. २०२५ च्या मे महिन्यात गुगलने जाहीर केले की, आपण परवानगी दिल्यास आपल्या ई-मेलमधली माहितीही लक्षात घेऊन उत्तरे देण्याची सोय येणार आहे. यंत्र आपल्याला जितके जवळून ओळखेल, तितके आपल्याला न रुचणारे आपल्यापासून दूर राहण्याची शक्यता वाढते. ११.७ टक्क्यांची ती पातळ भिंत जाड होण्याचा धोका आम्हाला इथे दिसतो.

आणि समजा, एखाद्याने तो प्रश्न विचारलाच, तरी यंत्र काय सांगणार? न्यायालयातली कागदपत्रे सीलबंद असताना ती उघडून घ्यायला यंत्र जात नाही. पीडितांच्या दारात जाऊन, त्यांना बोलते करून, त्यांचे ऐकून घेत नाही. आधी कुणीतरी जाऊन आणलेलेच ते सांगू शकते.

बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना हे दैनिक मुळीच आवडत नसे. १९९२ साली अशाच एका प्रकरणाच्या वेळी त्यांनी जाहीरपणे देवाचा कोप प्रसारमाध्यमांवर, विशेषतः ‘ग्लोब’वर, व्हावा अशा अर्थाचे उद्गार काढले होते. डिसेंबर २००२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढल्या वर्षी त्या वृत्तमालिकेला लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये पत्रकारांसमोर बोलताना, ख्रिस्तसभेत काय चुकते आहे ते सांगितल्याबद्दल आणि अत्याचारपीडितांना आवाज दिल्याबद्दल पत्रकारांचे आभार मानले. देवाच्या कोपापासून पोप महोदयांच्या आभारांपर्यंतचा हा प्रवास जवळपास तीस वर्षांचा आहे. आपल्याला नको असलेली बातमी आपल्या हिताची होती, हे कळायला एवढा वेळ लागला.

एक योगायोग जाता जाता सांगावासा वाटतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला तो ६ जानेवारी १८३२ रोजी; महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. ‘दर्पण’च्या पानावर एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी असे. राज्यकर्ते आणि प्रजा यांनी एकच मजकूर वाचावा, अशी ती मांडणी होती.

एकच मजकूर सर्वांनी वाचणे, यात काय विशेष आहे? यासाठी आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. लग्न ठरले की आपल्याकडे मिस्सेत वधूवरांच्या नावांची घोषणा होते. ही प्रथा १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने साऱ्या ख्रिस्तसभेला लावून दिली. त्या नावांत रस असणारे चर्चमध्ये थोडेच असतात. तरीही ती सर्वांसमोर, मोठ्याने वाचायची; कारण या विवाहाला काही अडथळा असेल, तर तो कुणाला ठाऊक असेल हे आधी सांगता येत नाही. शिवाय नावे जाहीर झाली की मला कळले, आणि तुम्हालाही कळले हे मला कळले. मग कुणालाच कानावर हात ठेवता येत नाही. बोस्टनमध्ये नेमके हेच घडले. तक्रारी पूर्वीही होत्या, घराघरांत कुजबुज होती, पण प्रत्येक कुटुंब आपले दुःख एकटेच उराशी धरून होते. एका सकाळी तोच वृत्तांत साऱ्या शहराच्या दारात पडला, आणि शेकडो लोक पुढे येऊन बोलू लागले. प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वेगळा सारांश मिळाला असता, कुणाला सौम्य, कुणाला सविस्तर, कुणाला मुळीच नाही, तर ते बोलले असते का? आम्हाला शंका वाटते. चारचौघांत सांगणे आणि एकेकट्याच्या कानात सांगणे, या नैतिकदृष्ट्या दोन वेगळ्या कृती आहेत.

काही देशांनी कायद्याने उपाय करून पाहिला आहे. बातम्यांचे तुकडे दाखवण्याबद्दल प्रकाशकांना पैसे द्यावेत, असा कायदा स्पेनने केला, तेव्हा गुगलने डिसेंबर २०१४ मध्ये तिथली आपली बातम्यांची सेवाच बंद केली. ती पुन्हा सुरू व्हायला जून २०२२ उजाडले. कॅनडाने २०२३ साली असाच कायदा केल्यावर गुगल वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायला तयार झाले, पण फेसबुकच्या मालकांनी ऑगस्टपासून बातम्याच काढून टाकल्या. त्याच महिन्यात उत्तरेकडे वणवे पेटले, येलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, आणि लोकांना एकमेकांना बातमीचा दुवा तिथून पाठवता येईना. आपल्या देशातही वृत्तसंस्थांच्या डिजिटल संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलच्या चौकशीचा आदेश दिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था चॅटजीपीटीच्या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पैसे मिळाले तरी ते बहुधा मोठ्यांना मिळतील. तालुक्याच्या साप्ताहिकाकडे वकील कुठला?

ऑगस्ट २०२५ पासून गुगलने अमेरिकेत आणि भारतात आणखी एक सोय दिली. आपल्या पसंतीची वृत्तपत्रे आपण निवडायची, मग त्यांच्या बातम्या आपल्याला जास्त दिसतात. प्रकाशकाला ही चांगली बातमी आहे, कारण त्याचा जुना वाचक त्याला परत सापडू शकतो. पण निवड आपली, म्हणजे जबाबदारीही आपली. बोस्टनच्या धर्मप्रांताचे १८२९ पासून चालत आलेले स्वतःचे साप्ताहिक होते. तिथल्या आजीने पसंतीच्या यादीत ते घातले असते, हे उघड आहे. ‘ग्लोब’ घातले असते का? आणि आपण, आज, काय घालू?

वर्गणी भरा, असे सांगणे सोपे आहे. ज्याला परवडते तो भरील आणि खरी बातमी वाचील. ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला फुकटचा सारांश. हा भेद आम्हाला सलतो. यावर महाराष्ट्राने पूर्वी एक उत्तर काढले होते: सार्वजनिक वाचनालय. तिरप्या फळीवर पेपर लावलेला असे, आणि आधीचा हलेपर्यंत मागचा त्याच्या खांद्यावरून वाचत असे. एकाच्या वर्गणीत पुष्कळांचे वाचन होई, आणि सर्वांनी वाचलेले एकच असल्यामुळे बाहेरच्या बाकावर त्यावरून वादही होई. आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहातही मिस्सेनंतर असे एक टेबल मांडता येईल. दोन दैनिके, एक स्थानिक साप्ताहिक, जमल्यास एक इंग्रजी. आणि त्यांपैकी एक तरी आपल्याला न पटणारे. ते न पटणारे कोणते घ्यायचे, यावर पहिली बैठक चांगलीच रंगेल.